आईच्या टाचा

"भिंत चालवणारे वेगळे," आई म्हणाली. "मला नुसती ढकलायला सांगितलीय, तर तीसुद्धा हलत नाही."

देवळाच्या भक्तनिवासातल्या खोलीत ती भिंतीला दोन्ही तळहात टेकवून उभी होती. एक पाय पुढे, एक मागे. मागची टाच जमिनीला चिकटून राहिली पाहिजे आणि पोटरी ताणली गेली पाहिजे, असा तो व्यायाम होता. हाडांच्या डॉक्टरांनी शिकवलेला.

"हलवायची नाहीच आहे ती," मी म्हटलं. "टाच उचलू नकोस."

"कुठे उचलली?"

"उचललीस. मला दिसतंय."

"तुला माझ्या टाचांशिवाय दुसरं काही दिसत नाही का ग, अरू?"

तिने ते हसत म्हटलं, पण ते जवळजवळ खरंच होतं. आई नारदीय कीर्तन करायची. सांगली-मिरजेपासून खाली बेळगावपर्यंत ह. भ. प. कुमुदिनीताई भिडे हे नाव लोकांना माहीत होतं. कीर्तनात कीर्तनकार पुढे उभा असतो आणि साथीदार त्याच्या मागे बसलेले असतात. उजव्या हाताला बशीरकाका तबल्यावर, डाव्या हाताला मी पेटीवर. खाली बसलेल्याच्या डोळ्यांसमोर उभ्या माणसाच्या टाचा येतात. पेटीचा भाता नीट ओढता येऊ लागला त्या वयापासून मी आईचं कीर्तन असंच पाहिलेलं होतं: नऊवारीचा काठ, त्याखाली पैंजण नसलेले घोटे आणि भेगाळलेल्या, फिकट, कडेने पिवळ्या पडलेल्या त्या दोन टाचा.

त्या दुखू लागल्या त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सकाळी अंथरुणातून उठल्यावरचं पहिलं पाऊल सर्वांत वाईट. "सुई नव्हे, दाभण," असं ती म्हणायची. भिंत धरून, मग कपाट धरून, मग कशालाही न धरता, अशी ती मोरीपर्यंत जायची. चालता चालता कळ मवाळ व्हायची. जरा बसली की पुन्हा पहिल्यापासून. आता माझ्या स्वतःच्या टाचा तशाच झाल्या आहेत, तेव्हा ती कळ कशी असते ते मला ठाऊक आहे. पाय टेकवायच्या आधी माणूस क्षणभर पलंगाच्या कडेवर थांबतो आणि दिवसभराचं धैर्य तिथेच वापरून टाकतो.

उपाय सगळे करून झाले होते. काशाच्या वाटीने तूप चोळणं, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवणं, तळव्याखाली लाटणं फिरवणं, उठण्याआधी चवड्याभोवती पंचा गुंडाळून तो अंगाकडे ओढणं. घरात घालायला मऊ सपाता आणल्या होत्या. त्या सगळ्याने बरं वाटायचंही. पण कीर्तनाला अनवाणी उभं राहायचं असतं, आणि देवळांच्या फरश्या दगडी असतात. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, बाकी सगळं करता आणि मग दगडावर दोन-दोन तास उभ्या राहता. भांडं घासायचं आणि परत राखेत ठेवायचं, असं झालं हे. तीन महिने उभं राहणं बंद करा."

"आणि तीन महिन्यांनी?" आईने विचारलं होतं.

"तेव्हा बघू."

बाहेर आल्यावर आई म्हणाली होती, "दत्तजयंतीचं करते. मग ते म्हणतात तसं बघू." ती हे अशा आवाजात म्हणाली होती, की 'मग' या गोष्टीविषयी आम्ही दोघीही पुढे बोललो नाही.

वारणाकाठच्या या गावातला दत्तजयंतीचा उत्सव आईचा ठरलेला. पाच दिवस कीर्तन, शेवटच्या दिवशी पौर्णिमेला जन्माचं कीर्तन, सूर्य मावळताना पाळणा. तो चौथा दिवस होता.

व्यायाम आटोपून ती पलंगावर बसली आणि मी धीर करून विषय काढला. "उत्सवाच्या आप्पासाहेबांशी मी बोलले. ते म्हणाले, उत्तररंगाला ताई स्टुलावर बसल्या तरी कुणी काही म्हणणार नाही."

"तू बोललीस?"

"हो."

"बसून करतात त्याला प्रवचन म्हणतात."

"मग म्हणोत प्रवचन. काय बिघडलं?"

"तुझ्या कॉलेजात कविता शिकवतेस ना? त्याऐवजी उद्यापासून पाढे शिकव. काय बिघडलं?"

दारात बशीरकाका चहाची किटली घेऊन उभे होते. ते म्हणाले, "अरूताई, सोडा. आमच्या वस्तादांना उजव्या हातात वात आला, तर लोक म्हणाले, नुसता बायाँ, डावा डग्गा वाजवा. ते म्हणाले, मग बिदागी घ्यायलाही मी अर्धाच येतो."

आई खळखळून हसली. मी हसले नाही. कारण मी स्टुलाशिवाय दुसरीही तयारी करून आले होते.

कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. प्रत्यक्षात तिथे फरशीवर एक सतरंजी असते, कधी तीही नसते. मी मिरजेहून जाड फोमचा एक तुकडा आणला होता. दुपारी सभामंडपात कुणी नसताना मी तो सतरंजीखाली सरकवला आणि वरून हात फिरवून सारखा केला. समोरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

चार वाजता आई बुक्का लावून, खांद्यावर शेला, हातात झांजा घेऊन मंडपात आली. देवाला नमस्कार करून तिने गादीवर पाऊल टाकलं आणि थबकली. कीर्तनकार मागे वळून पाहत नाही. तीही वळली नाही. पण तिच्या उजव्या पायाची बोटं त्या मऊ जागेत हलकेच दोनदा दाबली गेली, एखादी गोष्ट काय आहे ते हाताने चाचपावं तशी. मग तिने दुसरा पाय ठेवला. सूर मागितला. मी दिला.

त्या दिवशी दोन तास तिच्या टाचा खाली टेकलेल्या राहिल्या.

हे मला किती मोठं वाटलं ते सांगणं अवघड आहे. एरवी कीर्तन रंगात आलं, की आईच्या टाचा उचलल्या जायच्या. आधी डावी, मग उजवी, मग दोन्ही. भजनाचा गजर वाढायचा, ती चवड्यांवर उभी राहून झांजा वाजवायची, आणि मी पाहायची की पोटरीची शीर ताठ झाली आहे, घोटा थरथरतो आहे, टाच खाली यायला भिते आहे. त्या वेळी माझी बोटं पेटीवर सूर धरून असायची आणि मन एकच जप करायचं: संपव आता, आई, संपव. त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो जप करावा लागला नाही. मी ऐकलं. तिचा आवाज खर्जात किती मोकळा लागतो ते ऐकलं. भाता ओढता ओढता माझे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसण्याची भीती नव्हती. मागे बसल्याचा तेवढा एक फायदा असतो.

आरती झाली. लोक रांगेने आईच्या पाया पडू लागले. आमच्याकडे आईचा दंडक असा, की शेवटचा माणूस नमस्कार करून जाईपर्यंत पेटीने सूर सोडायचा नाही. मी सूर धरून बसले होते. उत्सवाचे प्रमुख आप्पासाहेब सगळ्यांत शेवटी आले. वाकून नमस्कार केला आणि थोडे घुटमळले.

"ताई, बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय की. का हो?"

"नाही, म्हणजे निरूपण उत्तमच झालं. पण आज तुम्ही तरंगला नाहीत."

"तरंगले नाही?"

"आमच्या गावात तसंच म्हणतात. गजराला ताई जमिनीपासून सुटतात, तरंगतात. लोक त्याची वाट बघत असतात. आज वाट बघूनच घरी गेले." मग त्यांना स्वतःचंच बोलणं अवघड वाटलं असावं. "दमणूक होते, समजतं मला. उद्या जन्म आहे, एवढंच."

ते गेल्यावर बशीरकाका हातोडी पिशवीत टाकत म्हणाले, "खरं सांगू का, ताई? मलाही आज चुकल्यासारखं झालं. तुमची टाच फरशीवर पडते ना, त्यावर मी सम धरतो. आज ती वाजलीच नाही. अंधारात जिना उतरल्यागत वाजवलं मी."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. मी पेटीचा भाता बंद केला.

दिवेलागणीला सोनाक्का आल्या. देवळामागेच त्यांचं घर. आई आली की रोज संध्याकाळी त्या चुलीत तापवलेली वीट फडक्यात धरून आणायच्या आणि वर रुईचं पान. विटेवर पान ठेवायचं, पानावर टाच. वाफ धरली की पान काळं पडतं आणि टाच सैल होते.

"आज दुखत न्हाई म्हनं?" सोनाक्कांनी विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"समदं गाव म्हनतंय, ताई आज जमिनीवरच व्हत्या."

"आता गाव काय काय म्हणेल," आई म्हणाली, आणि पानावर टाच ठेवून डोळे मिटले.

सोनाक्का गेल्यावर मी काशाची वाटी घेतली. आईचा पाय मांडीवर घेऊन तूप चोळू लागले. माझ्या लहानपणापासून आई गावोगाव असायची. घरी असली तरी पाठांतर, चाली, येणारी-जाणारी माणसं. ती माझी म्हणून स्वस्थ बसायची ती एवढ्याच वेळात, पाय माझ्या मांडीवर असताना. वाटी तळव्यावर गोल फिरायची, तूप काळपट व्हायचं आणि ती बोलायची.

"उद्या तो तुकडा काढून टाक," ती म्हणाली.

"कुठला?"

"अरू."

मी वाटी फिरवत राहिले. "आज दुखलं का?"

"नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा नाही."

"मग?"

"ऐकलंस ना आप्पासाहेब काय म्हणाले ते."

"म्हणजे तू कळवळून टाचा उचलायच्या, आणि त्यांनी त्याला तरंगणं म्हणायचं. तुझं दुखणं बघायला येतात का ते?"

"दुखणं त्यांना कुठे दिसतंय? ते समोर बसतात."

"मग काय दिसतं त्यांना?"

"काय माहीत. मला माझं तोंड कुठे दिसतं? कळ वर येते, हे खरं. ती आली की मी पाय उचलते, हेही खरं. पण उचलल्यावर पुढे काय होतं ते मला नाही सांगता येत. कळीच्या पलीकडे जरा जागा असते, अरू. तिथे फार बरं असतं. दगडावर उभी राहिले नाही, तर तिथे जाता येत नाही की काय, असं आज मला गजराच्या वेळी वाटलं. टाच मजेत होती आणि मी दाराशीच उभी." मग तिने विचारलं, "तू सांग. तू तर कायम तिथेच असतेस. कशी दिसते मी तेव्हा?"

"मी मागे असते, आई."

"हो," ती म्हणाली. "तू मागे असतेस."

माझा हात थांबला. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. साधंच होतं. इतकं साधं की पस्तिशीला आलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईने आईजवळ ते मागायचं म्हणजे लहान मुलीने जत्रेत हट्ट करावा तसं झालं असतं. शिवाय पेटीवर दुसरं कोण बसणार होतं? आईला माझ्याशिवाय कुणाचा सूर चालत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता.

"काही म्हणायचंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग वाटी का थांबली?"

मी पुन्हा वाटी फिरवू लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ह्या वर्षानंतर बास करू या. उद्याचा जन्म उभ्याने होऊ दे. मग तू सांगशील तिथे बसेन. स्टुलावर बस म्हणालीस, स्टुलावर."

"नक्की?"

"नक्की. पण तुकडा काढ."

मी त्याच वेळी मंडपात जाऊन फोम काढून आणला. परत आले तेव्हा आई बशीरकाकांशी उद्याच्या पाळण्याच्या चालीवरून हुज्जत घालत होती. जेवणात तिने वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

सकाळी ती माझ्या आधी जागी होती. पडल्या पडल्याच चवड्याला पंचा लावून ओढत होती. मी म्हटलं, "उठू नकोस, गरम पाणी आणते," आणि बादली घेऊन मागच्या बंबाकडे गेले. बंबाशी गर्दी होती. जयंतीचा दिवस, सगळ्यांना लवकर आंघोळी उरकायच्या होत्या. बादली भरून परत आले.

आई पलंगाच्या कडेवर बसली होती. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. मी आधी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. मग वर पाहिलं. तिची मान उशालगतच्या भिंतीला कलून टेकली होती आणि ती उठणार नव्हती.

गावातले डॉक्टर आले, हृदय म्हणाले, आणि कसलाच त्रास झाला नसेल असंही म्हणाले. बशीरकाकांनी मिरजेला फोन लावले. तिला आमच्या गावी न्यायची गाडी यायला वेळ होता. बायकांनी खोलीतला पलंग बाहेर काढला, जमीन सारवल्यासारखी पुसून घेतली आणि आईला खाली निजवलं. मी उशाशी बसले. तिथेच बस म्हणाल्या सगळ्या. जवळच्या माणसाने उशाशी बसायचं.

देवळाच्या आवारात प्रेत असेपर्यंत देवाला नैवेद्य होत नाही. आप्पासाहेब दोनदा दाराशी येऊन उभे राहिले आणि परत गेले. त्यांनी शेजारगावच्या एका बुवांना जन्माच्या कीर्तनासाठी बोलावणं धाडलं होतं, ते मला नंतर कळलं. मग लोक येऊ लागले. आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात पूजेची ताटं घेऊन देवळाकडे निघालेले लोक ताटं कट्ट्यावर ठेवून आत येत होते. आईच्या पायांना हात लावला की त्यांना पुन्हा नदीवर जाऊन बुडी मारावी लागणार होती. मार्गशीर्षातलं पाणी. तरी रांग लागली. एकेक जण वाकत होता, टाचांवर कपाळ टेकत होता, ओल्या केसांनी नदीकडे परत जात होता. मी उशाशी बसून ते पाहत होते. माझ्या पुढे आईचं डोकं, पांढरा भांग, आणि पलीकडे पाया पडणारी माणसं. सूर तेवढा नव्हता.

सोनाक्का नमस्कार करून गेल्या नाहीत. पायांशीच फतकल मारून बसल्या आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"काय बघताय, सोनाक्का?" कुणीतरी विचारलं.

"हुडकतीया," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्यास्नी गजराला यायचं ते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "टाचा उचलल्या की ताई डोळं मिटायच्या बगा. आदी कपाळावर आठी यायची, बारकी. मग ती जायची आन् हसायच्या. आमच्याकडं बगून न्हवं. कुनाकडंच बगून न्हवं. लेकराला न्हाऊ घालून उन्हात धरल्यावर हसतंय न्हवं का, तसं. म्या त्याच्यासाठीच येत हुते. मला निरूपनातलं काय कळतंय? तुमाला काय सांगायचं म्हना, तुमी तर लई येळा बगिटलं आसंल."

"नाही," मी म्हटलं.

"आँ?"

"मी कधीच नाही पाहिलं. मी मागे असायची."

रांगेतली माणसं थांबली. बशीरकाका दाराशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. आयुष्यभर तेही तिथेच बसले होते, माझ्या उजव्या हाताला.

"सरका ग जरा," सोनाक्का बायकांना म्हणाल्या. "हिला म्होरं येऊ द्या."

"उशाशी कुणीतरी पाहिजे," एक जण पुटपुटली.

"मी बसतो तिकडं," बशीरकाका म्हणाले, आणि येऊन बसले. त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

मी उठले. पाय बधिर झाले होते. बायकांनी जागा केली आणि मी आईच्या समोर येऊन बसले. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, हसूही नव्हतं. रोज सकाळी चहा गाळताना असायचा तसा साधा चेहरा होता. मी पुष्कळ वेळ पाहिलं. बाहेर गाडीचा आवाज आला. आप्पासाहेब दाराशी आले. लोकांनी एकमेकांना हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, की आता उचलायला हवं.

"थांबा," मी त्यांना म्हटलं. मग तिच्याकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"आई, मला समोर बसायचं होतं ग. एकदा तरी. पेटी दुसऱ्या कुणाला देऊन मला या सगळ्यांच्यात समोर बसायचं होतं."